हरवलेला हुकूम

एका गावात एक भोळा नळचालक होता, महिपती. भोळा हा आपला सभ्य शब्द. सरपंचांचा मेव्हणा म्हणून नोकरी मिळाली, एरवी त्याच्या हाती कुणी खराटाही दिला नसता.

गावच्या टाकीला संगणक होता. काळ्या पडद्यावर लांबलचक हुकूम टाइप केला की वरच्या आळीला पाणी सुटे. दुसरा केला की खालच्या आळीला. तिसऱ्याने सगळं बंद. महिपतीला एकेका हुकमाला अर्धा तास लागे.

तालुक्याच्या इंजिनियर पेंढारकरबाई म्हणाल्या, "अहो, एवढं लिहिता कशाला? हुकमाला छोटं नाव ठेवा. पाण्याचा 'प'. तेवढं टाइप केलं की काम होतं."

महिपतीने ठेवलं. तिन्ही हुकमांना 'प'. संगणकाने शेवटचा तेवढा लक्षात ठेवला. शेवटचा होता 'बंद'. गाव दिवसभर घागरी घेऊन उभं.

"एक नाव एकालाच द्यायचं!" बाई कडाडल्या.

"बरं," महिपती म्हणाला.

संध्याकाळी शेजारी बारसं होतं. आत्याने बाळाचं नाव सांगितलं, आजोबांचंच. महिपती ताडकन उठला.

"थांबा! ते नाव म्हाताऱ्याला दिलंय. आता हा चालू झाला की म्हातारा बंद पडणार!"

म्हाताऱ्याने काठी फेकून मारली. नेम चांगला होता.

बाईंच्या कानावर गेलं. "विचारल्याशिवाय नावांच्या भानगडीत पडू नका," त्या म्हणाल्या.

म्हणून सकाळी त्याने संगणकालाच विचारलं. टाइप केलं, 'तुला काय नाव ठेवू?'

पडद्यावर उत्तर आलं, 'हुकूम सापडला नाही.'

सरकारी हुकूम हरवला! महिपती धावत पोलीस चौकीत गेला.

"वर्णन?" हवालदाराने विचारलं.

"लांब आहे. अंगाने बारीक. मधे मधे टिंबं."

हवालदाराने कपाळाला हात लावला. "घरी जा बाबा. सापडला की कळवतो. तोवर कशाला हात लावू नकोस."

महिपतीने टाकीघराला आतून कडी घातली आणि हाताची घडी घालून बसला.

दुपारी सरपंचांची कडब्याची गंजी पेटली. लोक दार बडवू लागले. "पाणी सोड रे!"

"हुकूम हरवलाय," महिपती खिडकीतून म्हणाला. "हात लावायचा नाही. पोलिसांनी सांगितलंय."

दार मोडेपर्यंत वर्षाचा चारा राख झाला. काळ्याठिक्कर तोंडाने सरपंच आत आले. म्हणाले एवढंच, "माझी गंजी... गेली..."

महिपतीला फार वाईट वाटलं. त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका दाजी. चौकीत जाऊन वर्णन द्या. सापडली की कळवतात."