चुटकीचं सेकंडहँड झबलं

एक होती उंदरी. इवलीशी. नाव तिचं चुटकी.
अंगात पिवळं झबलं. आधी ताईचं, आता चुटकीचं.

एकदा काय झालं, झबल्याचा बंद तुटला. कट्! झबलं घसरलं.

खारूताई हसली, "ई! सेकंडहँड!"

"सेकंडहँड म्हणजे?"

"आधी दुसऱ्याचं, मग तुझं!"

चुटकीचे कान लाल लाल. खाली मान, आत शेपूट. झबलं पोटाशी धरलं आणि निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

झाडावर शिंपीणबाई. चोच तिची सुईसारखी.

"शिंपीणबाई, शिंपीणबाई, बंद शिवा."

"झबलं कसलं गं?"

"नवंकोरं!" खाली मान, आत शेपूट.

"सूत कुठाय? कोळी सूत कातील, तर मी शिवीन."

लुटुलुटु लुटुलुटु.

"कोळीकाका, कोळीकाका, सूत काता. सूत कातलं, तर शिंपीण बंद शिवील."

"झबलं कसलं गं?"

"नवंकोरं!" खाली मान, आत शेपूट.

"कापूस कुठाय? कपाशी बोंड देईल, तर मी कातीन."

लुटुलुटु लुटुलुटु.

"कपाशीमावशी, कपाशीमावशी, बोंड द्या. बोंड दिलं, तर कोळी सूत कातील. सूत कातलं, तर शिंपीण बंद शिवील."

"झबलं कसलं गं?"

"नवंकोरं!" खाली मान, आत शेपूट.

"मुळाशी माती घट्ट घट्ट. कोंबडी माती उकरील, तर मी देईन."

लुटुलुटु लुटुलुटु.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, माती उकरा. माती उकरली, तर कपाशी बोंड देईल. बोंड दिलं, तर कोळी सूत कातील. सूत कातलं, तर शिंपीण बंद शिवील."

"हळू बोल गं! पिल्लू आत्ताच अंड्यातून निघालंय. ओलं, उघडं. टाकून कशी येऊ? त्याला झबलं हवं."

चुटकीने झबलं पुढे केलं.

"कसलं गं?"

"नवंकोरं!"

"मग नको बाई. पहिलं झबलं नवं नसतं घालायचं. नवं टोचतं. कुणीतरी घालून घालून मऊ केलेलं लागतं. मागून आणतात ते."

चुटकीला वाटलं, खरं सांगितलं, तर खोटं कळणार!

पिल्लू कुडकुडलं. पीं... पीं...

चुटकी पुटपुटली, "सेकंडहँड आहे. ताईचं होतं. मी खोटं बोलले."

कोंबडीने गाल लावून पाहिला. "अगोबाई, किती मऊ! अस्संच हवं होतं."

पिल्लू झबल्यात शिरलं. गुडुप!

मग काय! कोंबडीने माती उकरली, खर्र खर्र. कपाशीने बोंड दिलं, फट्. कोळ्याने सूत कातलं, भिर्र भिर्र.

तोवर पिल्लू सुकलं. पिसं फुगली, फुस्स! झबल्यात मावेना. कोंबडीने झबलं परत दिलं.

शिंपीणबाईने बंद शिवला, टुच् टुच्. "नवंकोरं ना गं?"

"नाही हो," चुटकी म्हणाली. "ताईचं, मग माझं, मग पिल्लाचं, आता परत माझं."

वाटेत खारूताई. "ई! सेकंडहँड!"

चुटकीचे कान लाल. थोडेसेच. मान मात्र वर, शेपूट बाहेर.

"छे! थर्डहँड!"

झबलं झालं शिवून,
गोष्ट ठेवा घडी घालून.