गव्याचं ताट

रानात वणवा लागून गेला, त्या वर्षीची ही गोष्ट. भाजलेली, भेदरलेली जनावरं रोज संध्याकाळी चिंचेखाली जमायची आणि साळुंकी त्यांच्याकडून गाणी म्हणून घ्यायची. गाताना सशाची थरथर थांबायची. मुकं झालेलं माकडही हुंकार द्यायचं.

दिवाळीला रानाने या मंडळींना फराळ दिला. गव्याने तर ताट शिगोशीग भरून दिलं, वर टोमणाही मारला. "खा पोटभर! पण गाण्याने कुठे जखमा भरतात होय?"

फराळाचं ताट रिकामं परत करायचं नसतं. ससा रडकुंडीला आला. "आपल्याकडे आहे काय द्यायला?"

"आहे की!" साळुंकी म्हणाली. "चला."

सगळी रिकामं ताट घेऊन गव्याच्या दारात गेली आणि गायली. गवा आधी हसला, मग त्याची मान खाली गेली. वणव्यात त्याचं पिल्लू गेलं होतं आणि तेव्हापासून त्याने त्याचं नाव काढलं नव्हतं. गाणं संपताना तो पुटपुटला, "माझा चांद्या..."

दुसऱ्या संध्याकाळी गवा पुन्हा भरलं ताट घेऊन चिंचेखाली आला.

"ठेवून जा, गवादादा," ससा म्हणाला. "ताट पोचवू आम्ही."

"जायला कोण आलंय?" गवा म्हणाला. "सरक जरा."