सारजाचे चाकांचे बूट

हिरव्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे सकाळचं धुकं उन्हं वर आली तरी लोळत पडायचं, तिथे जाईची एक बाग होती. बागेला लागून एक इवलंसं घर होतं. घराला एक दार, एक खिडकी, एक चूल आणि माणसं दोन. एक सारजा आणि दुसरी तिची लेक तानी. तानी सात वर्षांची. तिचे पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे ती हसली की घराला आणखी एक खिडकी उघडल्यासारखं वाटायचं.

बाग त्यांची नव्हती. कळ्या खुडायचं काम तेवढं त्यांचं. दुपार कलली की मायलेकी वेलीखाली उभ्या राहायच्या. पांढऱ्याशुभ्र कळ्या, टोकाला गुलाबी, जणू कुणी एकेकीला ओठ लावून ठेवले होते. टोपली भरली की सारजा डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवायची, चुंबळीवर टोपली ठेवायची आणि तीन कोसांवरच्या देवीच्या देवळाकडे निघायची. संध्याकाळच्या आरतीला ताज्या कळ्या लागत. तीन कोस जायचं, तीन कोस यायचं. सारजा परत यायची तेव्हा तानी गाढ झोपलेली असायची.

म्हणजे दिवेलागणीला तानी एकटी. एकटीने दिवा लावायचा, एकटीने हात जोडायचे, एकटीने दिव्याचा श्लोक म्हणायचा. श्लोकातली तिसरी ओळ ती रोज विसरायची. आठवण करून द्यायला जवळ कुणी नसायचं, म्हणून ती ती ओळ सोडून पुढे जायची आणि देवाला सांगायची, "उद्या म्हणते हं."

सारजा मायाळू होती, आणि मायाळू होती म्हणून भित्री होती. तानी झोपाळ्याकडे गेली की सारजा म्हणायची, "पडशील." तानी बागेच्या दगडी गडग्यावर चढली की, "पडशील." शेजारची ठकूमावशी तर म्हणायची, "अगं सारजे, पोरगी जमिनीवर मांडी घालून बसली तरी तू पडशील म्हणतेस. आता ती पडायची कुठं, पाताळात?"

सारजा तरी काय करणार. आईला खेळ दिसायच्या आधी खोक दिसते.

तानीची एक सवय होती. कळ्या खुडताना ती प्रत्येक वेलीवर एक कळी सोडायची.

"हे गं काय?" ठकूमावशी विचारायची. "एकेक सोडत गेलीस तर ओंजळभर कमी होतील की."

"वेलीलासुद्धा आपल्या फुलाचा वास यायला हवा ना, मावशी," तानी म्हणायची.

एके दिवशी सारजा देवळाकडे निघून गेली, आणि तानी पायरीवर बसून दिव्याची वात वळत होती. आभाळ केशरी झालं, मग जांभळं झालं. तानीने सोडलेली एक कळी हलली. एक पाकळी उघडली, दुसरी उघडली, आणि आतून जांभई देत बाहेर आली एक परी. करंगळीएवढी. पंख इवल्याशा फुलपाखराएवढे, झगा दवाचा, केसांत परागाची सोनेरी भुकटी.

"घाबरू नकोस," परी म्हणाली. "मी जाईपरी. रोज तू माझ्यासाठी कळी सोडतेस, मी तिच्यात झोपते. इतक्या बागा फिरले, पण बिछाना ठेवणारी तूच भेटलीस. माग, काय हवं ते."

तानीने फार विचार केला नाही. झोपाळा मागितला नाही, लाल झगा मागितला नाही. ती म्हणाली, "दिवेलागणीला माझी आई घरी असू दे."

परीचे पंख जरासे मिटले. "माझी जादू वस्तू देते गं. माणसाला उचलून आणत नाही." तिने हनुवटीला बोट लावलं, आणि मग ती चमकली, खरोखरच, पायापासून डोक्यापर्यंत. "पण लवकर आणणारी वस्तू देते."

पायरीवर दोन बूट उमटले. जांभळाच्या रंगाचे, मऊ मऊ, रेशमी नाड्यांचे. आणि प्रत्येक बुटाच्या तळाशी चार चाकं, मधासारखी पिवळी, बोराएवढी गोल.

"हे तुझ्या आईच्या मापाचे आहेत," परी म्हणाली. "नियम तीन, नीट ऐक. पहिला, पायांकडे बघायचं नाही. दुसरा, शिकताना तू तिला हात द्यायचा, पण दर चार दिवसांनी एक बोट कमी करायचं. आणि तिसरा, एकविसाव्या दिवशी वेलीवरची शेवटची कळी उमलायच्या आत तिने विहिरीपासून मैलाच्या दगडापर्यंत कुणालाही न धरता जायचं. नाही गेली, तर बुटांची दोन वाळकी पानं होतील."

"आणि तिला तोल कोण देणार?" तानीने विचारलं.

"तो जादूत नसतो, बाळे. तो ज्याचा त्याने शोधायचा." आणि परी कळीत परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाने बूट पाहिले आणि कमरेवर हात ठेवले. "कुणाचे उचलून आणलेस?"

तानीने सगळं सांगितलं. सारजाचा विश्वास बसला नाही. मग तिने एक बूट सहज पायात घालून पाहिला. आयुष्यात तिला इतकं बेतशीर काही बसलं नव्हतं.

"मी? या वयात?" ती म्हणाली. "माझा पाय मोडला तर भाकऱ्या कोण थापणार? टोपली कोण नेणार?"

तानी नुसती म्हणाली, "आई, श्लोकातली तिसरी ओळ मला येत नाही."

सारजाने दुसरा बूट घातला.

विहिरीपासून देवळापर्यंतचा रस्ता कुण्या जुन्या राजाने काळ्या गुळगुळीत फरशांचा बांधला होता. बैलांचे खूर घसरत म्हणून गाड्या तिकडून जात नसत. चाकांना तो रस्ता फार आवडला. त्यांना सारजापेक्षा जास्त घाई होती. ती उभी राहिली आणि पाय पुढे निघून गेले, सारजा मागेच राहिली. धप्प.

दुसऱ्यांदा उभी राहिली. धप्प. तिसऱ्यांदा तानीची पाचही बोटं घट्ट धरली, तेव्हा दोघी धप्प.

चौथ्या दिवशी सारजाने लुगड्याचा काष्टा आवळून कसला आणि मागे कमरेला जुनी गोधडी बांधली. ठकूमावशी गडग्यावर येऊन बसली होती. पदरात शेंगा सोलत ती म्हणाली, "चालली बाई गादी. म्हशीला पैंजण घातले म्हणून ती नाचते होय?"

"मावशी, तू हसू नकोस," तानी म्हणाली.

"हसत नाही गं, खोकते."

शिकायचं म्हणजे सारजा सगळं अगदी रीतीने करायची. आधी बांगड्या काढून कोनाड्यात ठेवायची. गळ्यातली काळी पोत काढायची. डोकं मोकळं, हात मोकळे. "अंगावर काही नको," ती म्हणायची. "मोकळं असलं म्हणजे जमतं." आणि मग दोन्ही डोळे आपल्या पायांवर रोखायची, जणू ते दोन खोडकर बोकड होते आणि नजर हटली की पळून जाणार होते.

"आई, पायांकडे नाही बघायचं."

"बघत नाही गं. लक्ष ठेवतेय."

धप्प.

पाच बोटांची चार झाली, चाराची तीन झाली. सारजाला पडायचं कसं ते छान जमू लागलं. आता ती पाठीवर पडत नव्हती, गुडघे वाकवून बाजूला बसकण मारत होती. उठायचंही कळलं होतं. आधी गुडघे टेकायचे, मग एक पाय, मग दुसरा. पण चार हात पुढे गेलं की मान खाली जायची आणि मानेमागोमाग सारजाही. तीन बोटांची दोन झाली, दोनाचं एक झालं. तानीचं एकुलतं करंगळीचं बोट आईच्या मुठीत दुखून लाल झालं, पण तिने सांगितलं नाही.

विसाव्या दिवशी सारजा रस्त्यातच बसून राहिली. गोधडीचे टाके उसवले होते. "तानू," ती हळूच म्हणाली, "माझ्याच्याने नाही होत. तू दुसऱ्या कुणाची लेक असतीस, तर एव्हाना तुझी आई वाऱ्यावर पळाली असती."

तानी तिच्या मांडीत शिरली. "दुसऱ्या कुणाची नको," ती म्हणाली.

एकविसावा दिवस उजाडला. बहर सरत आला होता. कळ्या खुडून झाल्या तेव्हा साऱ्या बागेत मिळून वेलीवर तानीने सोडलेली एकच कळी उरली, टोकाला गुलाबी, घट्ट मिटलेली. सारजा बुटांकडे बघेना. तिने चुंबळ ठेवली, टोपली डोक्यावर घेतली. "मी चालतच जाते, बाळे. उशीर झाला तर आरती खोळंबेल."

बागेतून रस्त्याला लागायला पाटाचा चिंचोळा बांध होता. सारजा बांधावरून निघाली. एका हाताने पदर सावरत, ठकूमावशीला "दार ओढून घ्या हो" असं सांगत, मध्येच पाट ओलांडत. टोपलीतली एक कळी हलली नाही.

तानी बघत राहिली. मग ती ओरडली, "आई, तू बांधावर पायांकडे बघतेस का गं?"

"पायांकडे कशाला बघू?" सारजा न वळता म्हणाली. "मान खाली घातली तर टोपली पडेल ना."

आणि ती थांबली.

तानीसुद्धा थांबली. गडग्यावर ठकूमावशीच्या हातातली शेंग थांबली.

"अगं बया," ठकूमावशी म्हणाली. "वीस दिवस ओझं खाली ठेवून शिकत होतीस. डोक्यावर टोपली नसली तर तुला साधं तरी कधी चालता आलंय का?"

तानी पळत बूट घेऊन आली. विहिरीच्या काठावर सारजा बसली, डोक्यावर टोपली तशीच, आणि तानीने नाड्या बांधल्या. सारजा उभी राहिली. मान ताठ. डोळे समोर, दूर, जिथे रस्ता आभाळाला टेकत होता. तानीने सवयीने करंगळी पुढे केली आणि पटकन मागे घेतली.

चाकं निघाली. सारजाही निघाली, चाकांबरोबरच, मागे नाही. गुडघे जरासे वाकले, कंबर झुलली, अगदी जशी पाण्याची कळशी आणताना झुलते. एक पाय, मग दुसरा. पिवळी चाकं काळ्या फरशांवर गुणगुणू लागली. पदर शिडासारखा फुगला. मैलाचा दगड आला, आणि मैलाचा दगड गेला.

"झालं!" तानी मागून ओरडली. "आई, झालं. थांब आता."

पण सारजा थांबली नाही. ती लहान होत होत वळणाआड दिसेनाशी झाली.

ठकूमावशीने कपाळाला हात लावला. "थांबायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही की तिला."

तानी घरी आली. आभाळ केशरी झालं. आपण आईला चाकांवर उभं केलं आणि चाकांनी तिला नेलं, असं मनाशी म्हणत ती दोनदा विहिरीपर्यंत जाऊन आली. आभाळ जांभळं होऊ लागलं. तिने दिवा पुसला, वात घातली, तेल घातलं. पेटवायला हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला.

गुण गुण गुण. दूर, काळ्या फरशांवर. मग जवळ.

दारात सारजा उभी होती, चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून. डोक्यावर रिकामी टोपली, केसांत फरशांची धूळ, गाल लाल.

"देवळापाशी थांबता येईना," ती धापा टाकत म्हणाली, "म्हणून दीपमाळेला मिठी मारली. पुजारीबाबा म्हणाले, सारजाबाई, आज देवीच्या आधी दीपमाळेचं दर्शन का?" आणि ती इतकी हसली की टोपली पडली.

मग दोघींनी मिळून दिवा लावला. हात जोडले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या ओळीपाशी तानी अडली. सारजाने ती ओळ हळूच म्हटली. तानीने तिच्यामागून म्हटली. वीस-एकवीस नाही, कितीतरी संध्याकाळांची राहिलेली ओळ देवाला एकदाची मिळाली.

खिडकीबाहेर वेलीवरची शेवटची कळी उमलली. जाईपरी पंख पसरून वर आली. "तोल सापडला का?" तिने विचारलं.

"होताच," तानी म्हणाली. "आम्ही रोज उतरवून ठेवत होतो."

परी हसली. तिच्या हसण्याचा उजेड झाला, आधी काजव्याएवढा, मग चांदणीएवढा, मग सगळी बाग दुधासारखी पांढरी झाली. पानापानाच्या कडा लखलखल्या. सारजाला परी दिसली नाही, मोठ्यांना नुसता उजेड दिसतो. उजेड विझला तेव्हा परी नव्हती. उमललेल्या फुलाखाली, पायरीवर, दोन इवलेसे बूट होते. गुलाबी. चाकं करवंदाएवढी. माप तानीचं.

सकाळी तानी ते घालून विहिरीपाशी उभी राहिली. सारजाचं तोंड उघडलं. ठकूमावशी गडग्यावर कान टवकारून बसली.

"पडशील," सारजा म्हणाली. मग ती वाकली आणि तिने लेकीच्या नाड्या आवळल्या. "पडलीस की आधी गुडघे टेक, मग एक पाय, मग दुसरा. मी इथेच आहे." आणि तिने आपली चुंबळ लेकीच्या डोक्यावर ठेवली, चुंबळीवर एक रिकामी परडी ठेवली, आणि हात पुढे केला. पाच बोटांचा.

"सारजे," गडग्यावरून आवाज आला, "तुझ्या त्या परीकडं माझ्या मापाचे मिळतील का गं?"

अशी ही आठ चाकांची, शंभर आपटण्यांची कहाणी. एका चुंबळीवर तोललेली, दिवेलागणीच्या आत घरी पोचलेली.