चोपणवाडीचं हळदपाणी

पाणी घ्या आधी. अहो ताई, लगेच तोंडाला लावू नका! तांब्यात बघा. चिमूटभर हळद टाकलीय, ती पिवळी दिसतेय का बघा, मग प्या. हसताय? हसा. येणारा प्रत्येक जण हसतो, तांब्या खाली ठेवतो आणि आमच्याकडं बाटली आहे म्हणतो. तुम्हीही ठेवलातच की! आता झाली का पंचाईत. ही माझी सून शेवंता. तुम्ही पाणी पिईपर्यंत ती इथून हलायची नाही आणि तोंडातून शब्द काढायची नाही. मघाशी तुम्ही तिला नाव विचारलंत, ती बोलली नाही, तुम्हाला वाटलं रुसलीय. रुसायला काय झालंय तिला! एरवी माझं डोकं उठवते बोलून बोलून. पण चोपणवाडीत पाणी देणाऱ्या बाईनं पाहुण्याच्या घशाखाली घोट उतरेपर्यंत बोलायचं नसतं. चुलीवर डाळ आहे तिची. करपली तर तुमच्यामुळं.

देवळामागची ती पांढरी जागा पाहिलीत ना, तीन खाटा मावतील एवढी? भोवती गुडघाभर गवत आणि मध्ये काडी नाही. पाऊस पडला की तिथं साबणासारखा फेस येतो. आमच्या आजोबांनी तिथं कडुलिंब लावून बघितला, आठ दिवसांत वाळला. त्या जागेची आणि ह्या तांब्याची गोष्ट एकच आहे. कोंडीबा रंगारी म्हणतात मला, माझ्याइतकी धड ती कोणी सांगत नाही, तेव्हा बसा. आणि तांब्या तेवढा हातात धरा.

फार मागची गोष्ट. इथली जमीन चोपण, उन्हाळ्यात अंगावर मीठ फुटल्यासारखी पांढरी होते. पिकायचं काही नाही. पण त्या पांढऱ्या खारीवरच सगळं गाव जगत होतं, असं सांगतात. खारी खरवडून आणायची, आघाड्याची आणि केळीच्या खांबाची राख मिसळायची, बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात पेंढा घालून त्यावर ती भरायची आणि वरून पाणी सोडायचं. खालच्या रांजणात थेंबथेंब उतरते ती निवळी. पातळ निवळी पापडाच्या पिठाला, मळकट कपड्याला. आणि तिच्यात चुनकळी टाकली की जी उतरते ती जहाल, ती रंगाऱ्याची. सूत तिच्यात भिजवल्याशिवाय आल नावाच्या झाडाच्या मुळीचा लाल रंग धरत नसे. दिसायला मात्र दोन्ही अगदी पाणी. वास नाही, रंग नाही. म्हणून निवळीच्या घागरीच्या गळ्याला चुन्याचा पांढरा पट्टा ओढायचा, ही गावाची खूण. पांढरा गळा दिसला की लेकरूसुद्धा हात लावत नसे.

हैबती रंगारी म्हणून होता. त्याला दोन मुली, थोरली बयजा आणि धाकटी ठकू. ठकू तीन वर्षांची असताना आई गेली. जाताना तिनं बयजाचा हात धरून सांगितलं म्हणे, "ठकूच्या हळदीला आपलं गाणं तूच म्हण." आता हे गाणं म्हणजे काय, तर त्या घरातल्या बायकांचं, आईनं मुलीला शिकवलेलं, बाहेर कोणाला न दिलेलं. बयजानं आईला शब्द दिला. तिचा गळाही तसाच होता, ती जात्यावर बसली की शेजारणी आपलं जातं थांबवायच्या. तिला दिली तीसुद्धा चार घरं सोडून, ठकूजवळ राहता यावं म्हणून. ठकूला न्हाऊ घातलं तिनं, वाढवलं तिनं.

ठकूचं लग्न ठरलं तळवाडीला. साल दुष्काळाचं, विहिरीनं तळ गाठलेला. दोन कोसांवरच्या डोहावरून बायकांनी चार दिवस डोक्यावर पाणी वाहिलं, वऱ्हाडाला पाणी कमी पडलं तर गावाचं नाक जाईल म्हणून. त्यासाठी एकवीस घागरी नव्या आणल्या. बयजाला काय हौस आली बघा. शुभकार्य आहे, काळ्या घागरी बोडक्या कशाला ठेवायच्या, म्हणून तिनं सगळ्या रिकाम्या घागरींच्या गळ्याला चुन्याचे सुंदर पट्टे ओढले. मांडवात रांगेनं मांडल्या. पाणी काय, बाया आणतील तसं भरत जातील.

चुकली ना? तुम्हाला इथं बसून कळतं. तिला कळलं नाही, कारण तिच्या मनात नुसतं लग्न होतं. आणि तिचा बाप तर त्याहून! लग्नाच्या पहाटे उठला, रात्रभर गळून रांजण भरला होता. जहाल निवळी. चाळीस वर्षांचा हात त्याचा. पांढऱ्या गळ्याची घागर दिसली की ती निवळीची, एवढंच त्या हाताला ठाऊक. मांडवाच्या कडेला पांढऱ्या गळ्याच्या घागरी रिकाम्या दिसल्या, त्यानं रांजणातली निवळी ओतली त्यांत, आणि फेटा बांधून वेशीवर गेला वऱ्हाडाच्या पूजनाला. मागून बाया आल्या, उरलेल्या घागरी पाण्यानं भरून गेल्या.

बयजा सकाळपासून पाट्यावर हळद वाटत बसली होती. नवऱ्यामुलाची उष्टी हळद वऱ्हाडाबरोबर यायची, मग ठकूला हळद लागायची, मग बयजाचं गाणं. तेल घालून हळद कालवली, काहीतरी आणायला परसात गेली, आणि तिची नजर रांजणावर पडली. रांजण रिकामा.

रांजण रिकामा, तर निवळी गेली कुठं? धावत मांडवात आली. एकवीस घागरी, सगळ्या तोंडोतोंड भरलेल्या, सगळ्यांच्या गळ्याला तिनंच ओढलेले पांढरे पट्टे. किती घागरींत निवळी आहे? एक? दोन? पाच? बाप वेशीवर. आणि वेशीवरची हलगी वाजायला लागलेली.

तुम्ही म्हणाल, सगळं पाणी ओतून द्यायचं. अहो, मग वऱ्हाडाला काय प्यायला देणार? वैशाखाच्या उन्हात तीन कोस चालत आलेली शंभर माणसं! तुम्ही म्हणाल, ओरडायचं, लोकांना सांगायचं. सांगितलं असतं आणि तो शब्द वऱ्हाडाच्या कानावर गेला असता, की मुलीकडच्यांनी पाण्यात खार कालवलाय, तर ते तिथूनच माघारी फिरलं असतं. मग ठकूला कोण करणार होतं? तुम्ही म्हणाल, बोटांनी चोळून बघायचं, निवळी बुळबुळीत लागते. तिचे हात कोपरापर्यंत तेलाहळदीनं माखलेले, तिला सगळंच बुळबुळीत. सगळं विचारून झालंय मला आजवर. बसा गप.

तिनं पहिल्या घागरीत ओंजळ घातली आणि चव घेतली. इकडचं पाणी मुळातच मचूळ, जिभेच्या टोकाला फरक कळत नाही, घोट घ्यावा लागतो. पहिली घागर चांगली. दुसरी चांगली. तिसरी, चौथी. हलगी मारुतीपाशी आली. आधी ती थांबून, विचार करून घोट घेत होती; मग थांबायला वेळ राहिला नाही. सातवी, आठवी. पिपाणी ऐकू यायला लागली. घराच्या आतून ठकूनं हाक मारली, "अक्का, आले का गं?" बयजा म्हणाली, "आले, आले, तू बस." सांगणारे सांगतात, तिच्या तोंडचे ते शेवटचे शब्द.

अकराव्या घागरीतला घोट तिनं घाईत सरळ घशाखाली सोडला.

काय झालं असेल ते मी बोलत नाही. जहाल निवळी सुताचं मेण काढते, तुमच्याआमच्या घशाचं काय घेऊन बसलात. ती घागरीवरच वाकली. ओरडायला गेली, आवाज नाही. जीव कासावीस, डोळ्यांतून पाणी. आणि त्या पाण्यातूनच तिला दिसलं, की आपले हात लाल झालेत. तिला वाटलं रक्त आलं. रक्त नव्हतं. हाताची हळद लाल झाली होती.

आता इथं काही जण म्हणतात, देवीनं चमत्कार केला. मी नाही म्हणत. हळदीचा डाग खारात धुतला की लालभडक होतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, रंगाऱ्याच्या मुलीला नसणार? पण जीव घाबरा झाला की रोजचं ठाऊक असलेलं तेवढं आठवत नाही. चांगल्या घागरींतून ती हात बुडवत आली, हळद पिवळीच राहिली, तिकडं तिचं लक्षच नाही. तिचं सगळं लक्ष जिभेवर. पहिल्यापासून उपाय हातालाच लागलेला होता हो! मला ह्या जागी दर वेळेला तिचा राग येतो. आणि मग माझाच मला येतो.

पण बाई खमकी. त्या हालात उठली. पाट्यावरची हळद घेतली आणि उरलेल्या दहा घागरींत चिमूट चिमूट टाकत गेली. आठ पिवळ्या राहिल्या, दोन लाल झाल्या. त्या दोन आणि अकरावी, अशा तीन घागरी तिनं एकटीनं ओढत देवळामागं नेल्या आणि पालथ्या केल्या. ती बघा ती पांढरी जागा. परत आली आणि पहिल्या दहांतही हळद टाकली. घोट घेऊन झाले होते, पण तिचा आता जिभेवर विश्वास राहिला नव्हता. तेवढ्यात वऱ्हाड मांडवात शिरलं.

पाणी तिनंच दिलं. दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. एकेकाच्या हातात तांब्या द्यायची आणि त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहायची. तिला विचारायचं होतं, पाणी गोड आहे ना? शंभर माणसांना विचारायचं होतं आणि एकालाही विचारता येईना. तो घोट घ्यायचा, हा घोट घ्यायचा, कोणी उन्हानं खोकला तरी हिचा जीव उडायचा. नवऱ्यामुलाचा बाप म्हणाला म्हणे, "मुलीची बहीण भारी गर्विष्ठ दिसते. पाण्यात हळद घालून देते आणि वर एक शब्द बोलत नाही." हिनं मान खाली घातली आणि पुढच्याच्या हातात तांब्या दिला.

मग उष्टी हळद आली. ठकूला पाटावर बसवलं. बाया गोळा झाल्या आणि सगळ्या बयजाकडं बघायला लागल्या, गाणं सुरू कर म्हणून. बयजानं ठकूच्या गालाला हळद लावली. तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. ठकू कळवळून म्हणाली, "अक्का, रागावलीस का माझ्यावर? म्हण ना गं." बयजानं नुसती मान हलवली आणि ठकूच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. ठकूला दिसलं, त्या हाताच्या रेघांत हळद लाल झालीय.

रंगाऱ्याचीच मुलगी ती. तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तेवढ्यात हैबतीही परसातून आला होता, रिकामा रांजण बघून त्याला पहाट आठवली होती. बाया कुजबुजायला लागल्या. एक शहाणी म्हणाली, "मुहूर्त जाईल, मी म्हणते दुसरं गाणं." तशी ठकू, ती पाटावरची पोर, सगळ्या वऱ्हाडासमोर मोठ्यानं म्हणाली, "कोणी म्हणायचं नाही. अक्काचं गाणं जितका वेळ चाललं असतं, तितका वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं."

आणि सगळे बसले. नवऱ्यामुलाचा बापसुद्धा बसला. नंतर त्याला जेव्हा कळलं, तेव्हा तो बयजाच्या पाया पडायला आला होता असं सांगतात. ती बरीच वर्षं जगली, पेज पिऊन. बोलली कधीच नाही. तिच्या गाण्याचे शब्द कोणालाच ठाऊक नव्हते, ते तिच्याबरोबर गेले.

आजही चोपणवाडीत हळद लागते तेव्हा पहिलं गाणं कोणी म्हणत नाही. बायका गोल बसतात, नवरीच्या गालाला हळद लावतात आणि एका गाण्याइतका वेळ गप्प राहतात. माझ्या लग्नात मी बाहेर उभा होतो, मला ती शांतता सहन होईना. आजही आम्ही घागरीच्या गळ्याला चुना लावत नाही, लग्न असो की सण. आणि पाहुण्याला पाणी देतो ते हळद टाकून. देणारी बोलत नाही, पाहुण्याच्या तोंडाकडं बघत उभी राहते. घोट घशाखाली उतरला की ती एकच प्रश्न विचारते, आणि तो तिचा नसतो.

बघा शेवंताकडं. कधीची उभी आहे. डाळ करपल्याचा वास यायला लागला, तरी हलली का? तांब्यात बघा. पिवळी आहे ना? घ्या घोट.

हं. आता विचारेल ती.

"पाणी गोड आहे ना?"

अहो ताई, बघत काय बसलात? उत्तर द्या तिला.