शिवणीचं कपाट

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे, बाळांनो. थोरांनीही ऐकावी अशी आहे.

एका राज्यात भिवबा नावाचे वृद्ध सुतार राहत. गावोगावची पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली त्यांच्या पडवीत सुतारकाम शिकायला येत. आधी करवत धरायला शिकायचं, मग रंधा मारायला, मग पटाशीने खाच पाडून सांधा बसवायला. सगळं आलं की शेवटी प्रत्येकाने एक कपाट करायचं, अशी तिथली रीत होती.

पण भिवबांचा पहिला धडा हत्याराचा नसे. पडवीमागे ताज्या कापलेल्या फळ्या रचलेल्या असत. तिथे मुलांना नेऊन ते म्हणत, "झाड कापलं तरी आपण मेलो हे त्याला लगेच कळत नाही. वर्षभर ते तसंच उभं असल्यासारखं पाणी शोधतं, ऊन शोधतं. त्याला कळेपर्यंत थांबायचं. तोवर त्याला रंधा लावायचा नाही."

मुलं हसत. केरू सगळ्यांत जास्त हसे.

केरूचा हात फार चांगला होता. त्याचा सांधा असा बसे की नखसुद्धा आत जात नसे. त्या वर्षी राणीने दवंडी पिटवली, की दसऱ्याला ज्याचं कपाट सर्वांत सुंदर ठरेल त्याला राजवाड्याच्या कामावर घेऊ. भिवबांच्या पडवीतलं सुकं लाकूड जाडंभरडं होतं. केरूला ते पसंत पडेना.

नदीकाठी एक शिवण होती, पिवळ्या फुलांचं मोठं झाड. सरळ खोडाची, पाखरांच्या घरट्यांनी भरलेली. केरूने एका दुपारी ती पाडली. घरटी पाण्यात वाहून गेली. फळ्या त्याने चुलीच्या धगीवर वरवर शेकल्या आणि गुरूंना सांगितलं, "मामाच्या माळ्यावर पडलेलं जुनं लाकूड आहे."

भिवबांनी फळीवरून हात फिरवला आणि केरूकडे पाहिलं. "जुनं आहे म्हणतोस?"

"हो, तात्या."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी हात धोतराला पुसला. हात ओला झाला होता.

दसऱ्याला केरूचं कपाट पहिलं आलं. राजवाड्यातून बोलावणं यायचं होतं, तोवर त्याने ते आपल्या थोरल्या बहिणीच्या, चंद्राच्या घरी ठेवलं.

थोड्याच दिवसांत चंद्रा म्हणाली, "केरू, यात ठेवलेली लुगडी दमट होतात रे."

मग म्हणाली, "वारा सुटला की हे डुलतं. घरात वारा नसतो, बाहेर असतो."

एकदा तर तिने दार उघडलं, तर आतल्या फळीला कोवळं पान फुटलेलं. तिने ते खुडलं. देठातून बराच वेळ पाणी ठिबकत राहिलं. केरूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नवी वस्तू आहे, ताई. बसेल हळूहळू."

चंद्राची मुलगी ठकू तेव्हा चार वर्षांची होती. एका दुपारी शेजारच्या मुलांबरोबर लपंडाव खेळताना ती कपाटात शिरली. दार आपोआप लागलं.

ते उघडेना. चंद्राने ओढलं, शेजाऱ्यांनी ओढलं. दार आणि चौकट यांच्यामध्ये फटच उरली नव्हती. सालीने साल धरावी तसं लाकूड जुळून आलं होतं. कुणीतरी कुऱ्हाड घातली. घाव पडला, त्यातून रस आला आणि बघता बघता घाव भरला.

आत ठकू हसत होती. तिच्याबरोबर पाखरं किलबिलत होती.

"ठकू! बाहेर ये गं!" चंद्रा ओरडली.

"आई, मी उंच बसलेय," ठकू म्हणाली. "इथून नदी दिसते."

तिचा आवाज कपाटातून येत नव्हता. तो वरून, आढ्याच्याही वरून येत होता.

केरू धावत आला, भिवबाही आले. अख्खं गाव अंगणात जमलं. भिवबांनी फळीला कान लावला. त्यांचा चेहरा उतरला.

"हे पिलं सांभाळतंय," ते म्हणाले. "आपण मेलो हे याला कुणी सांगितलंच नाही. ज्याने तोडलं त्यानेच सांगायला हवं. बोल केरू, हे कुठलं लाकूड?"

केरूने गर्दीकडे पाहिलं. दसऱ्याला याच लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. "मामाच्या माळ्यावरचं," तो म्हणाला.

आतून ठकूचा आवाज आला, आता अगदी बारीक. "आई, मला झोप येतेय. इथे फांदी मऊ आहे."

चंद्रा केरूकडे वळली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझी पोर जातेय, केरू."

केरू गुडघ्यांवर बसला. दाराला कपाळ टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू नदीकाठची शिवण. मी तुला जिवंत तोडलं. तुझी घरटी वाहून गेली, पिलं बुडाली. मला घाई होती म्हणून मी थांबलो नाही, आणि सगळ्यांशी खोटं बोललो. तू आता झाड नाहीस. तू मेलीस, आई. मीच मारलं तुला."

किलबिल थांबली. आतून एक लांब श्वास सुटला. फळ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राखाडी पडल्या, सांधे एकामागून एक उघडले आणि कपाट जागच्या जागी ढासळलं.

फळ्यांमध्ये ठकू बसली होती. तिच्या केसांत पिवळी फुलं होती. ती केरूकडे पाहून म्हणाली, "मामा, ती रडत होती."

राजवाड्याचं बोलावणं केरूने परत पाठवलं. भिवबांच्या पडवीत तो पुन्हा पहिल्यापासून शिकला आणि पुढे मोठा सुतार झाला. त्याने पाट केले, पाळणे केले, देव्हारे केले. पण दार असलेली वस्तू त्याच्या हातून पुन्हा कधी झाली नाही. दार लावायची वेळ आली की तो हत्यार खाली ठेवून देई.

तात्पर्य: घाईने केलेलं काम खोट्याने झाकता येतं, पण ते निष्पापाच्या जिवावर बेततं.