रानरेड्यांच्या खुणा

अमेरिकेत ‘रानरेडे’ नावाचा व्यावसायिक फुटबॉल संघ होता. हेरंब टिपणीस त्याचे कॅमेरावाले. एका सामन्यात ते मैदानाकडेला घोंगडीखाली कॅमेऱ्यासकट सापडले. समोरच्या संघाचा प्रशिक्षक हातवाऱ्यांनी खेळाडूंना देतो त्या गुप्त खुणा चोरल्याचा आरोप आला, नोकरी जाण्याची पाळी आली.

लीगचे आयुक्त थॉर्नसाहेब म्हणजे जमदग्नीच. त्यांनी चित्रफीत लावली. पाहतात तो काय, हातवारे करणारा माणूस रानरेड्यांचाच प्रशिक्षक.

“स्वतःच्याच खुणा चोरता?”

“काय करणार साहेब, आमच्या अकरा गड्यांना त्या अकरा प्रकारे कळतात. सामन्यानंतर सोमवारी चित्रफीत दाखवून समजवाव्या लागतात. सलग आठ सामने हरलोय.”

“मग लपून कशाला?”

“या संघाचा माणूस म्हणून कुणी ओळखू नये, म्हणून.”

साहेब हसले नाहीत. “लपवलेला कॅमेरा हाही गुन्हाच. दोन वर्षं संघाबाहेर.”

टिपणिसांनी हात जोडले. “उपकार झाले. मला वाटलं, करार पुरा करायला लावता की काय.”

साहेबांची लेखणी थबकली. शिक्षा देऊन आभार ऐकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी बंदी खोडली आणि लिहिलं, ‘करार पूर्ण करावा. एका दिवसाचीही सूट नाही.’

टिपणीस तोंड पाडून बाहेर आले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. “अगं, सक्तमजुरी झाली. येताना पेढे आणतो.”