कालच्या पोळीचं कूळ

एका राज्यात मांजरंसुद्धा काल तापवलेलं दूध हुंगून परत फिरत, इतका तिथल्या मुदपाकखान्याचा दिमाख होता. राजा धवलकेतूच्या पंगतीत शिळं म्हणून काही येत नसे. पहिल्या घासाआधी चोपदार काठी आपटून प्रत्येक पदार्थाचं कूळ पुकारी: हा भात कोणत्या खाचरातला, हे तूप कोणत्या गाईचं, हे केशर कोणत्या घाटावरून आलं. कूळ ऐकल्याशिवाय राजा ताटाला हात लावत नसे. आणि पंगतीत उरलेलं सगळं, पातेल्यात कुणी न शिवलेलंसुद्धा, दुसऱ्या सकाळी राजवाड्यामागच्या जुन्या विहिरीत ओतलं जाई. जितकं जास्त ओतावं तितकं राज्य मोठं, असा तिथला समज होता.

राणी कुंतलादेवी हे रोज सज्जातून बघायची आणि तोंड फिरवायची. ती डोंगरातल्या एका छोट्या गडावरची लेक. तिथे भाकरीचा तुकडा वाया गेला, तर तिची आई त्या दिवशी जेवायची नाही. पण इथे सून म्हणून आल्यापासून राणीनं माहेरच्या चुलीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. जावा हसतील, ही धास्ती. राणी झाली म्हणून काय झालं, जावा सगळ्यांनाच असतात.

त्या विहिरीत एक यक्ष राहत होता. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर बासुंदी झेलून त्याचा संयम संपला. एका सकाळी तो काठावर येऊन बसला, दाढीतल्या शेवया झटकल्या आणि वर सज्जात उभ्या असलेल्या राजाला म्हणाला, "अन्नाला तू कमी लेखलंस. आता प्रत्येक घासाचा तुझ्या जिभेवर खडा होईल."

त्या दिवशी राजानं पहिला घास घेतला आणि त्याचे दात करकरले. भात थुंकून पाहिला तर खडे. पुरीचा खडा, पेरूचा खडा, साखरेच्या दाण्याचासुद्धा खडा. वैद्य आले, मांत्रिक आले, मान हलवून गेले. राजा पाण्यावर राहिला. त्याचे गाल बसले, मुकुट सैल होऊन भुवयांवर उतरू लागला. राणीचा त्याच्यावर फार जीव होता. तिच्याच्यानं ते बघवेना.

ती उठली आणि विहिरीवर गेली. रहाटावर साळुंकी बसली होती.

"राणी, रडू नकोस," साळुंकी म्हणाली. त्या राज्यात पक्षी बोलत, त्याचं कुणाला नवल नव्हतं. "यक्षाची अट ऐक. इथे ओतायला जे आणतील, त्यातूनच तीन घास रांध. पहिला माझा, दुसरा यक्षाचा, तिसरा राजाचा. तिसरा गोड लागला तर शाप सुटला. नाही लागला, तर तुझा राजा उपाशीच जाईल."

"रांधीन," राणी म्हणाली. "मला येतं." हे इतकं साधं वाक्य तिनं या राज्यात प्रथमच उच्चारलं होतं.

पातेली घेऊन विहिरीकडे निघालेल्या चाकरांना तिनं वाटेतच अडवलं. कालचा भात हातानं हलकेच मोकळा केला, मोहरी-हिंगाची फोडणी दिली, कढीपत्ता तडतडवला. साळुंकीनं चोच मारली आणि पुढचा बराच वेळ ती काही बोलली नाही. तिच्या जातीत हे फार मोठं कौतुक.

मग राणीनं दोडक्याच्या फेकायला काढलेल्या शिरा उचलल्या, तव्यावर कुरकुरीत परतल्या, तीळ आणि सुकं खोबरं घालून चटणी कुटली. यक्षानं ती खाल्ली, बोटं चाटली आणि हळूच विचारलं, "अजून आहे?"

"घास एकच ठरला होता," राणी म्हणाली.

तिसऱ्या घासासाठी तिनं कालच्या पोळ्या घेतल्या. त्या बारीक कुस्करल्या, त्यात डब्याच्या तळाचा गूळ आणि तूप कढवल्यावर खाली राहिलेली बेरी मिसळली, आणि दोन लाडू वळले. तबक घेऊन ती भरल्या पंगतीत आली. सरदार बसले होते, जावा बसल्या होत्या, सगळ्यांच्या नजरा तबकावर होत्या.

चोपदार वाकून म्हणाला, "राणीसाहेब, कूळ काय पुकारू?"

राणीनं जावांकडे पाहिलं. "बदामाचे म्हणा," ती पुटपुटली. "राजबागेतल्या."

चोपदारानं पुकारा केला. राजानं लाडू तोंडात घातला. कट्ट! ताटात खडा पडला.

खिडकीतून साळुंकी म्हणाली, "खोट्या कुळाचा घास मोजत नाहीत. पण यक्षानं राजाला शाप कशाबद्दल दिला होता, राणी?"

राणीला ते लागलं. राजानं अन्न विहिरीत टाकलं होतं. तिनं तर त्याचं नावच टाकलं होतं. तबकात एकच लाडू उरला होता. तिनं चोपदाराच्या हातून काठी घेतली आणि अशी आपटली की वाट्या हलल्या.

"ऐका हो! हा लाडू कालच्या पोळीचा! उष्ट्याचा नव्हे, उरलेल्याचा! माझ्या माहेरच्या गडाला वेढा पडला, तेव्हा माझ्या आईनं असेच लाडू वळून गड जगवला. यांचं धान्य आज संपेल, उद्या संपेल, म्हणत शत्रू कंटाळून निघून गेला. मी त्या आईची लेक आहे!"

जावांच्या भुवया चढल्या. राणीनं तिकडे पाहिलंही नाही. तिनं लाडू राजाच्या हातात ठेवला.

राजानं चावला. आवाज आला नाही. राजा चावत राहिला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सगळा लाडू संपवून, तळहाताला चिकटलेले कण टिपून मग तो बोलला.

"कुंतले, हे इतकी वर्षं का लपवलंस?"

"लाज वाटत होती, महाराज."

"आणि आता?"

"आता नाही."

"अजून एखादा आहे?"

"आज नाही," राणी म्हणाली. "पोळ्या उरल्या तर उद्या."

विहीर निवळली, यक्ष तळाशी जाऊन सुखानं झोपला. मांजरं अजून कालचं दूध हुंगतात, पण पितात. आणि राजाच्या पंगतीत आता पहिला मान कालच्या पदार्थाचा असतो. परराज्याचे वकील आले तरी त्यात बदल नाही.

पुढच्या सणाला राणीनं गडावरून आईला बोलावून घेतलं आणि राजाशेजारी बसवलं. चोपदारानं छाती भरून पुकारलं, "कालच्या पोळीचा लाडू! गडावरच्या आईसाहेबांच्या चुलीचं कूळ!" सगळी पंगत उभी राहिली. म्हातारीनं लाडू तोंडात घातला, सावकाश चघळला आणि लेकीकडे बघून म्हणाली, "गूळ जरा कमी पडलाय गं." भरल्या पंगतीत राणी कुंतलादेवी खळखळून हसली, आणि उठून गुळाचा डबा आणायला स्वतः गेली.